नैसर्गिक रंगाचं ड्रिंक चार दिवसांत विटतंय? आधी हे तपासून बघा

पावडर वाढवू नका. सगळ्यात आधी हेच सांगतो, कारण हा प्रॉब्लेम मला जितक्या वेळा आलाय आणि जितक्या जणांना मी सोडवायला मदत केलीय त्यातल्या जवळपास प्रत्येकानं पहिल्यांदा हेच केलेलं असतं. रंग फिका पडला म्हणून अजून दोन चमचे बीट पावडर, अजून थोडं गोकर्ण, मग चव मातकट होते, तळाशी साका बसतो आणि आठवड्याभरात रंग परत तसाच उडतो. रंग कमी घातला म्हणून तो उडालेला नसतो, त्याला काहीतरी खातंय, आणि काय खातंय ते कळेपर्यंत तुम्ही कितीही ओता, ते तेही खाऊन टाकणार.

मी बीट, लाल अंबाडी, गोकर्ण, जांभळा कोबी, काळं गाजर, हळद, पालक, स्पिरुलिना असल्या गोष्टींपासून ड्रिंक आणि ड्रिंक मिक्स बनवतो, त्यात व्हिटॅमिन, मिनरल, प्रोटीन वगैरे घातलेली फंक्शनल ड्रिंकही आली. यात एकच बिघाड पुन्हा पुन्हा येतो, फक्त कपडे बदलून येतो. म्हणून ज्या क्रमानं मी तपासतो त्याच क्रमानं लिहितोय, आधी फुकटात होणारं आणि शेवटी खर्चाचं.

आधी लक्षणं बघा

बाटलीमागे पांढरा कागद धरा आणि दिवसाउजेडी फोटो काढून ठेवा, रोज त्याच जागी. डोळा फसवतो, रोज थोडं थोडं फिकं होत गेलं की लक्षातच येत नाही.

लाल किंवा गुलाबी होतं ते जांभळट, निळसर किंवा राखाडी झालं, तर बहुतेक पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) बिघडलाय नाहीतर लोह कुठूनतरी येतंय.

बीटचा गुलाबी तपकिरी किंवा पिवळट झाला, तर उष्णता, हवा, उजेड या तिघांपैकी कोणीतरी.

छटा तीच राहिली पण नुसतं फिकं होत होत पाण्यासारखं झालं, तर उजेड, व्हिटॅमिन सी किंवा सल्फाइटवालं प्रिझर्व्हेटिव्ह.

हिरवंगार होतं ते खाकी झालं, तर आम्ल आणि आच.

हळदीचा पिवळा लालसर तपकिरी झाला, तर सोड्यासारखं काहीतरी अल्कली पडलंय.

निळ्याचे बारीक कण होऊन तळाशी बसले, तर स्पिरुलिना आम्लात फुटलंय.

बाटलीच्या मानेशी नारिंगी कडं आलं, तर कॅरोटीनचं इमल्शन, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेलं तेल, सुटलंय.

आणि बाटली फुगली असेल, झाकण उघडताना फुस्स आवाज आला असेल, तार सुटत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर हा रंगाचा प्रॉब्लेम नाही. चाखून बघू नका, टाकून द्या. त्याबद्दल शेवटी लिहिलंय, ते मात्र नक्की वाचा.

रंग कुठल्या घराण्यातला आहे

हे माहीत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. अंबाडी, गोकर्ण, जांभळा कोबी, काळं गाजर, जांभळं रताळं, बेरी हे सगळे अँथोसायनिन. (बाजारात हिबिस्कस म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा लाल अंबाडीची बोंडं असतात, बागेतली जास्वंद नव्हे.) बीट दिसायला यांच्यासारखं पण रसायन पूर्ण वेगळं, ते बीटालेन. गाजर, टोमॅटो, लाल मिरचीचा अर्क हे कॅरोटिनॉइड, ते तेलात विरघळतात, पाण्यात नाही. हळदीतलं करक्युमिनही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पानांचा हिरवा म्हणजे क्लोरोफिल. आणि स्पिरुलिनाचा निळा म्हणजे फायकोसायनिन, ते तर चक्क प्रोटीन आहे, म्हणून त्याच्याशी प्रोटीनसारखंच वागावं लागतं, अंडं गरम केल्यावर जसं बिघडतं तसं ते बिघडतं.

अँथोसायनिन आणि बीट एकसारखे समजून तोच उपाय दोघांना लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. एकाला जे तारतं ते दुसऱ्याला मारू शकतं.

पहिलं: उजेड

याला पैसे लागत नाहीत. एकाच बॅचच्या दोन बाटल्या घ्या, एक पूर्णपणे अल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे तापमान सारखं राहील. तिसरी फ्रिजमध्ये अंधारात. चार दिवसांनी तिन्ही कागदावर उभ्या करा. फॉइलवाली चांगली आणि उघडी फिकी, तर उत्तर मिळालं. दोन्ही सारख्याच फिक्या पण फ्रिजवाली चांगली, तर उजेड नाही, तापमान. तिन्ही फिक्या, तर दोष बाटलीच्या आत आहे, पुढे चला.

मला हे कळलं ते एका बाटलीमुळे. बीटचं ड्रिंक होतं, खिडकीजवळच्या फळीवर ठेवलेलं, समोरून बघितलं तर विटक्या चहासारखा रंग. शेजारीच त्याच बॅचची, बाटलीभर लेबल लावलेली दुसरी होती, तिचं लेबल सोलून काढलं तर आतलं ड्रिंक अजून गुलाबी. तोपर्यंत मी दोन आठवडे रेसिपीच बदलत बसलो होतो. तेव्हापासून पहिली गोष्ट उजेडच तपासतो.

करक्युमिन उजेडाला सगळ्यात हळवं, त्याच्या मागोमाग बीट आणि स्पिरुलिना. काळ्या गाजराचा आणि कोबीचा रंग जरा तग धरतो. उपाय सरळ आहे, गडद काच, बाटलीभर लेबल किंवा खोक्यात साठवण. पारदर्शक बाटलीत छान दिसतं म्हणून हट्ट धरला तर मग थोडे दिवसच छान दिसेल हे मान्य करावं लागतं.

दुसरं: लिंबाचा थेंब

हे अँथोसायनिनसाठी. एक चमचा बिघडलेलं ड्रिंक पांढऱ्या वाटीत घ्या, त्यात लिंबाचे दोन थेंब पिळा, हलवा आणि दहा मिनिटं थांबा. लगेच निर्णय देऊ नका, कारण बेरंग झालेलं अँथोसायनिन परत लाल व्हायला वेळ घेतं. लाल परत आला तर रंगद्रव्य जिवंत आहे, फक्त पीएच सरकलाय. नाही आला तर रंगद्रव्य मोडलंय, ते कुठल्याही आम्लानं परत येणार नाही.

या एका थेंबानं निम्मा शोध संपतो म्हणून मी त्याला इतकं महत्त्व देतो. हे काही नवीन नाही, रॉबर्ट बॉइलनं १६६४ मध्येच व्हायोलेट फुलांच्या सिरपमध्ये आम्ल घातलं की लाल आणि अल्कली घातली की हिरवं होतं हे लिहून ठेवलंय. पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलस्टेटर, ज्यांना वनस्पतींच्या रंगांवरच्या कामासाठी १९१५ चं नोबेल मिळालं, त्यांनी दाखवलं की निळं कॉर्नफ्लॉवर आणि लाल गुलाब यांच्यात मूळ रंगद्रव्य एकच आहे. एकच रेणू दोन रंग दाखवू शकतो ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की घाबरायला होत नाही.

साधारण अंदाज असा: पीएच ३ च्या खाली झकास लाल, ४ ते ५ च्या मध्ये फिका पडत जवळजवळ बेरंग, ६ ते ७ ला जांभळट निळा, ८ च्या वर हिरवट आणि मग पिवळा, आणि त्या पिवळ्यापर्यंत पोचलं की बहुतेक मोडलेलंच असतं. गोकर्णाचं गणित थोडं वेगळं, त्याचा निळा पीएच ४ पासून ७ पर्यंत बऱ्यापैकी टिकतो आणि आंबट केलं की जांभळा होतो. म्हणून लिंबू घातलेल्या ड्रिंकमध्ये गोकर्णाचा निळा हवा असं कोणी म्हणालं तर मी सरळ सांगतो की होणार नाही, एकतर आंबट ठेवा नाहीतर निळा ठेवा.

बीटवर लिंबाच्या थेंबाचा फारसा परिणाम दिसत नाही, ते पीएच ३ ते ७ मध्ये साधारण तसंच राहतं. बीटला हा प्रयोग लावून रंग आला नाही म्हणून सगळी बॅच फेकू नका. आणि हिरव्याला तर चुकूनही लावू नका, आम्लामुळे क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं आणि जो खाकी रंग येतो तो घरगुती उपायांनी परत फिरत नाही.

तिसरं: पाणी

तीच रेसिपी, तेच हात, फक्त पाणी डिस्टिल्ड. एक ग्लास पुरे. डिस्टिल्डमधला रंग नीट आला आणि नेहमीच्या पाण्यातला मळकट, तर दोष पाण्याचा. पाण्यात तीन गोष्टी असतात ज्या रंगाला नडतात. एक म्हणजे बायकार्बोनेट, ते तुम्ही घातलेलं सायट्रिक आम्ल गपचूप खाऊन टाकतं आणि पीएच वर चढतो. दुसरं लोह, थोडंसं असलं तरी अँथोसायनिन आणि टॅनिनशी (चहासारखा तुरटपणा देणारा घटक) जोडी जमवून राखाडी ते शाईसारखा रंग करतं. तिसरं क्लोरीन, ते ब्लीचच आहे.

एकाच रेसिपीचं अंबाडीचं ड्रिंक एका जागी माणकासारखं लाल आणि जागा बदलल्यावर पहिल्याच दिवशी जांभळट, असं झालं की लोक अंबाडीच्या नव्या पोत्याला दोष देतात. मीही दिला होता, पोतं परत पाठवायची भाषा केली होती. शेवटी जुन्या जागेचं कॅनभर पाणी आणून त्याच पोत्यातली बोंडं भिजवली आणि ग्लास लाल झाला.

अल्कलाइन पाणी वापरून बेरीचं किंवा कोबीचं ड्रिंक बनवणारे बरेच भेटतात. रंगाच्या दृष्टीनं ही जोडी जमतच नाही.

चौथं: पीएच मीटर

इथे पहिल्यांदा थोडे पैसे लागतात. पट्ट्या स्वस्त असतात पण रंगीत ड्रिंकमध्ये पट्टी बुडवली की तिच्यावर ड्रिंकचाच रंग चढतो, आणि बीटच्या रसात बुडवलेली पट्टी बघून ३ आहे की ५ आहे यावर वाद घालण्यात काही अर्थ नाही. छोटं पेनासारखं मीटर घ्या, ते ४ आणि ७ च्या बफरनं (पीएच आधीच माहीत असलेलं द्रावण) कॅलिब्रेट करा, दर वेळी नाही जमलं तर निदान रोज सकाळी, आणि टोक कोरडं ठेवू नका. बॅच बनवल्यावर लगेच एकदा मोजा आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा. दुसऱ्या दिवशी पीएच सरकलेला असेल तर रेसिपीत असं काहीतरी आहे जे हळूहळू विरघळतंय, आणि ते बहुतेक वेळा मिनरल असतं.

पाचवं: अंगाला लागावं म्हणून घातलेल्या गोष्टी

फंक्शनल ड्रिंकचा खरा घोळ इथे आहे, म्हणून जरा थांबतो. नुसत्या पाण्यात साखर आणि अंबाडी घातली तर ती कितीतरी दिवस शहाण्यासारखी राहते. त्यात आपण व्हिटॅमिन सी, लोह, झिंक, कॅल्शियम, मॅग्नेशियम, प्रोटीन घालतो, आणि मग रंगाला विचारतो तू का गेलास.

व्हिटॅमिन सी आणि अँथोसायनिन एकमेकांना संपवतात. ऐकायला विचित्र वाटतं कारण दोन्ही अँटिऑक्सिडंट म्हणून ओळखले जातात, पण ऑक्सिजन आणि थोडंसं लोह किंवा तांबं असलं की व्हिटॅमिन सी मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते रंगावर तुटून पडतं. म्हणजे लेबलवर दोन गुण लिहिले आणि बाटलीत दोन्ही कमी झाले. बीटला मात्र हेच व्हिटॅमिन सी बहुतेक वेळा सांभाळतं. म्हणून वर म्हटलं की घराणं आधी ओळखा. अँथोसायनिनसोबत व्हिटॅमिन सी हवंच असेल तर अंबाडी किंवा बेरीपेक्षा काळं गाजर, जांभळा कोबी, जांभळं रताळं यांच्याकडे वळा, त्यांच्या रंगद्रव्याला आम्लांची शेपटी जोडलेली असते आणि ती रेणूला झाकून धरते, त्यामुळे ते जास्त टिकतात.

लोहाचं वर आलंच. कॅल्शियम कार्बोनेट, मॅग्नेशियम ऑक्साइड हे आम्ल मारतात आणि सावकाश विरघळतात, म्हणून संध्याकाळी लाल आणि सकाळी जांभळं असा प्रकार होतो. यांच्याऐवजी सायट्रेटची रूपं घेतली तर पीएच त्यामानानं कमी हलतो.

प्रोटीनमध्ये दोन त्रास. दूध किंवा सोयाचं ड्रिंक पीएच ६ ते ७ च्या आसपास असतं, तिथे बेरीचा गुलाबी राखाडी होणारच. आणि टॅनिन प्रोटीनला चिकटून बारीक गुठळ्या करतं. प्रोटीन शेकला गुलाबी हवा असेल तर बीट घ्या, पण थंडच मिसळा.

सल्फाइटवालं प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट), अँथोसायनिनचा रंग डोळ्यांदेखत उतरवतं. बाटली फिकी पडली, फॉइलवालीही फिकी, पाणी ठीक, पीएच ठीक, असं झालं की मी घटकांची यादी मागतो आणि त्यात बऱ्याचदा केएमएस सापडतं. मग लोक बेंझोएटवर जातात, ते रंगाला काही करत नाही, पण बेंझोएट आणि व्हिटॅमिन सी एकाच आंबट ड्रिंकमध्ये असतील तर उष्णतेत आणि उजेडात बेंझीन तयार होऊ शकतं आणि बेंझीननं कॅन्सर होतो. ही जोडी टाळाच.

तपासायची पद्धत कंटाळवाणी पण तीच खरी: सहा ग्लास भरा, पहिल्यात सगळं, पुढच्या प्रत्येकात एकेक घटक वगळलेला, सगळ्यांवर चिठ्ठी चिकटवा. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि रंग सुधारला तर कशामुळे सुधारला ते कळत नाही, आणि पुढच्या बॅचला परत पहिल्यापासून सुरुवात.

फसफसणारं पावडर मिक्स असेल तर डबा उघडून पावडर पांढऱ्या कागदावर पसरून बघा. गुलाबी पावडरीत निळसर काळे ठिपके दिसले तर डब्यात ओल शिरलीय, तिथे सोडा आणि अंबाडी एकमेकांना भिडलेत. मी एकदा भिंगातून बघितलं तर प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध सोड्याचा एक पांढरा कण होता आणि भोवती निळं वर्तुळ. इथे रंग बदलून उपयोग नाही, ओल थांबवा.

सहावं: भांडी

गंजलेला स्क्रू, टवके उडालेला इनॅमलचा डबा, लोखंडी गाळणीची तार, तांब्याचं नळकांडं. चुंबक आणि टॉर्च घेऊन बघा. शंका असेल तर एक बॅच पूर्ण काचेत करा. आंबट ड्रिंक अल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या उघड्या भांड्यात ठेवू नये, ते रंगासाठी तर नाहीच पण पोटासाठीही नाही.

सातवं: आच आणि रंग कधी घालता

बहुतेक रेसिपी सगळं एकत्र करून उकळतात. सिरप आधी उकळा, गार होऊ द्या, रंग शेवटी घाला. पाश्चरायझेशन करावंच लागतं तिथे जास्त तापमान पण कमी वेळ आणि लगेच थंड करणं हे कमी तापमानावर अर्धा तास शिजवत बसण्यापेक्षा रंगाला मानवतं. स्पिरुलिनाचा निळा ४५ ते ५० अंशांच्या पुढे टिकत नाही, त्यामुळे गरम ड्रिंकमध्ये तो घालूच नका.

बीटमध्ये एक मजेशीर गोष्ट होते. गरम केल्यावर रंग पिवळट झाला तरी फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला की त्यातला थोडा परत येतो, कारण तुटलेले दोन तुकडे थंडीत पुन्हा जोडले जातात. म्हणून बीटची बॅच गरम असताना रंगाचा निकाल लावू नका, दुसऱ्या दिवशी लावा. क्लोरोफिलला ही सोय नाही.

आठवं: हवा

एक बाटली काठोकाठ भरा, एक निम्मी. आठ दिवसांत निम्मी जास्त फिकी झाली तर ऑक्सिजन दोषी. मिक्सर जोरात फिरवला की फेसातून भरपूर हवा आत जाते, त्यामुळे फेस बसू द्या मगच भरा. प्लास्टिकच्या बाटलीतून हवा हळूहळू आत येते, काचेतून येत नाही.

नववं: साका, कडं आणि गुठळ्या

हळद तळाशी बसणं हा बिघाड नव्हे, तिचा स्वभाव आहे. थोडं तेल आणि लेसिथिन (तेल-पाणी एकत्र धरणारा पदार्थ) घालून चांगलं घुसळलं, किंवा पाण्यात मिसळणारं तयार करक्युमिन घेतलं की बसणं कमी होतं. कॅरोटीनचं मानेशी कडं येतं कारण तेलाचे थेंब मोठे होऊन वर येतात, यावर घरचा मिक्सर पुरत नाही, होमोजिनायझर (दाबानं थेंब बारीक फोडणारं यंत्र) लागतो किंवा तयार इमल्शन. स्पिरुलिनाचं प्रोटीन पीएच ४.५ च्या खाली गेलं की गुठळतं, त्यामुळे लिंबू आणि स्पिरुलिना एका बाटलीत नको.

रंग गेला म्हणजे गुण गेला का, हे मला नेहमी विचारतात. अँथोसायनिन, बीटालेन, कॅरोटीन यात रंग हाच तो रेणू आहे, त्यामुळे मोडून फिका झाला तर तितका तो कमी झाला. पण बीटमधलं नायट्रेट, ज्यासाठी खेळाडू बीटचा रस पितात, ते वेगळं असतं आणि रंगासोबत जात नाही. हळद तळाशी बसली तर करक्युमिन कुठे गेलेलं नसतं, हलवून प्या.

दहावं: मालच

वरचं सगळं ठीक निघालं की मगच पावडरीकडे वळतो. जुन्या आणि नव्या पोत्यातली पावडर कागदावर शेजारी ठेवा, दोन्ही सारख्या पाण्यात घोळा. बीट पावडर ओल धरून ढेकळं झाली असेल तर रंग आतून तपकिरी झालेला असतो, ढेकूळ फोडून मधला भाग बघा. उलट, माल संशयास्पद चांगला असेल तेव्हाही जागे व्हा. उन्हात महिनाभर ठेवूनही जसाच्या तसा राहणारा हळदीचा पिवळा किंवा सोडा घालूनही न हलणारा बेरीचा लाल बघून मला आनंद होत नाही, मी तो लॅबला पाठवतो. हळदीत लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं जगात झालीयत, शिसं थेट मेंदूवर आणि मुलांच्या वाढीवर परिणाम करतं, आणि ते घरी डोळ्यांनी ओळखता येत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पहिली जागा पीएच ४.६. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. त्याच्यावर पीएच असलेला रस हवाबंद बाटलीत बाहेर ठेवला तर बॉट्युलिझमचे (अर्धांगवायू आणणारी जीवघेणी अन्नविषबाधा) जंतू त्यात वाढून विष तयार करू शकतात, त्यांचे बीजाणू साध्या पाश्चरायझेशननं मरत नाहीत, आणि विष तयार झालं तरी वास किंवा रंग बदलेलच असं नाही. २००६ मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात बाटलीबंद गाजराच्या रसातून लोकांना बॉट्युलिझम झाला होता. गाजर, बीट, पालक यांचे रस मुळातच कमी आंबट असतात. त्यामुळे हिरवा खाकी होतोय म्हणून आम्ल कमी करणं, किंवा गोकर्णाचा निळा राहावा म्हणून सायट्रिक काढून टाकणं, हे बाटलीबंद ड्रिंकमध्ये स्वतःच्या मनानं कधीच करू नका. घरी ताजं करून लगेच पिणार असाल तर गोष्ट वेगळी. विकणार असाल, किंवा फ्रिजबाहेर ठेवणार असाल, तर फूड टेक्नॉलॉजिस्टकडून प्रक्रिया ठरवून घ्या.

दुसरी जागा म्हणजे रंगासाठी अर्काचा डोस वाढवावासा वाटतो ती. चिमूटभर हळद आणि घट्ट अर्क यात फार अंतर आहे. करक्युमिनसाठी रोजची मान्य मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ३ मिलीग्रॅम धरतात, आणि हळदीच्या जास्त ताकदीच्या सप्लिमेंटनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. लहान मुलं, गरोदर बायका किंवा रोज औषधं घेणारी माणसं पिणार असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

तिसरी, लेबलवर काही दावा करणार असाल तर. कुठला रंग कुठल्या पदार्थात किती चालतो हे देशादेशात वेगळं आहे, गोकर्णाच्या फुलांच्या अर्काला अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि तीही ठरावीक पदार्थांपुरतीच. वनस्पतीचं आहे म्हणून आपोआप चालतं असं नसतं.

चौथी, वरच्या दहाही गोष्टी करून रंग तरीही जातोय. तेव्हा मान्यताप्राप्त फूड लॅबकडे जा, पण नुसती एक फिकी बाटली घेऊन जाऊ नका. एक ताजी बाटली, एक बिघडलेली, एक फ्रिजमध्ये अंधारात ठेवलेली, वापरलेलं पाणी एक लिटर, पावडरीचा नमुना मूळ पाकिटात, रोजचे फोटो आणि रोजचा पीएच लिहिलेला कागद. त्यांना पीएच, लोह आणि तांबं, विरघळलेला ऑक्सिजन आणि सूक्ष्मजीव एवढं आधी बघायला सांगा. मी असा कागद पहिल्यांदा नेला तेव्हा तिथल्या बाईंनी नमुन्याच्या आधी तो कागदच वाचायला घेतला, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, जिथे दुसऱ्या दिवशी पीएच ३.१ वरून ३.९ झाला होता, आणि विचारलं, "मॅग्नेशियम कुठलं घालता?"